'इतर' या चौकटीतली माणसे

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेचे आकडे ऑगस्ट २०२१ मध्ये बाहेर आले तेव्हा तेथे 'गोरे घटले, गोरे घटले' असा मोठा गलबला झाला. वंशाच्या रकान्यात फक्त 'गोरा' अशी नोंद असलेले लोक २०१० मध्ये २२ कोटी ३६ लाख होते. ते दहा वर्षांत २० कोटी ४३ लाखांवर आले. मग हे १ कोटी ९३ लाख गोरे गेले कोठे? काही मृत्यू पावले, जन्मदर घटला, हे खरेच. परंतु यातील तब्बल १ कोटी ४१ लाखांचा हिशेब एकट्या लॅटिनो समाजापाशी लागतो. २०१० मध्ये २ कोटी ६७ लाख लॅटिनो 'फक्त गोरे' होते, २०२० मध्ये ते १ कोटी २६ लाख उरले. ही माणसे मेली नाहीत, देश सोडूनही गेली नाहीत. त्यांचा रकाना बदलला.

रकाना बदलणे म्हणजे काय असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही. १९५६ नंतर आपणही रकाना बदलला आणि त्याची किंमत १९९० पर्यंत मोजली. म्हणूनच मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा, डोमिनिकन रिपब्लिक, ग्वातेमाला येथून गेलेल्या या कष्टकरी माणसांची फॉर्मवरची कुचंबणा आपण समजून घेतली पाहिजे, असे आम्हास वाटते.

आधी तो फॉर्म पाहू. तेथे दोन वेगवेगळे प्रश्न असतात. पहिला, तुम्ही हिस्पॅनिक, लॅटिनो किंवा स्पॅनिश मूळचे आहात काय? दुसरा, तुमचा वंश कोणता? गोरा, काळा, अमेरिकन इंडियन, आशियाई देशांची एक लांब यादी आणि शेवटी 'इतर कोणताही वंश'. पहिल्या प्रश्नाला 'हो, मेक्सिकन' अशी खूण करणारा माणूस दुसऱ्या प्रश्नापाशी अडतो. २०१० च्या फॉर्मवर तर छापीलच सूचना होती की, या जनगणनेपुरते हिस्पॅनिक मूळ हा वंश नव्हे. सरकारने सांगितले, पण लोकांना पटले नाही. २०२० मध्ये ६ कोटी २१ लाख लॅटिनोंपैकी ४२.२ टक्के फक्त 'इतर' या चौकटीत गेले. आणखी ३२.७ टक्क्यांची नोंद दोन किंवा अधिक वंशांत झाली. परिणाम असा की, उरल्यासुरल्यांसाठी ठेवलेली ती शेवटची चौकट गोऱ्यांच्या खालोखाल देशातील दुसऱ्या क्रमांकाचा 'वंश' बनली! कृष्णवर्णीयांपेक्षाही मोठा.

यात एक मेख आहे. बदल सगळाच लोकांच्या मनात झालेला नाही. २०२० च्या फॉर्मवर 'गोरा' आणि 'काळा' या चौकटींखाली मूळ देश लिहिण्यासाठी प्रथमच मोकळी ओळ दिली होती. एखाद्याने 'गोरा' वर खूण करून त्या ओळीत 'मेक्सिकन' लिहिले, तर कार्यालयाने त्याला 'गोरा' अधिक 'इतर' असे दोन वंश बहाल केले. त्या बिचाऱ्याने खूण एकच केली होती. नोंदणाऱ्याच्या हातात किती ताकद असते, हे यावरून दिसते. पोर्तो रिकोत २०१० साली ७५.८ टक्के लोक 'फक्त गोरे' होते, २०२० मध्ये १७.१ टक्के. दहा वर्षांत एखाद्या बेटाची कातडी बदलत नाही.

हा गोंधळ आजचा नाही. १९३० च्या जनगणनेत 'मेक्सिकन' हा वेगळा वंश म्हणून लिहिला गेला आणि सुमारे १४ लाख माणसे त्याखाली आली. वंश तेव्हा माणसाला विचारीत नसत. दारात आलेला प्रगणक तोंडाकडे पाहून लिहीत असे. मंदीचा काळ होता, मेक्सिकन मजुरांना गाड्या भरभरून सीमेपार हाकलले जात होते. मेक्सिको सरकारने आणि तेथील मेक्सिकन पुढाऱ्यांनी या नोंदीला कडाडून विरोध केला आणि १९४० मध्ये तो वंश गाळला गेला. १९३६ मध्ये एल पासो शहरात मेक्सिकनांच्या जन्म-मृत्यूची नोंद 'रंगीत' म्हणून होऊ लागली तेव्हाही 'लुलॅक' या १९२९ साली स्थापन झालेल्या संघटनेने तो निर्णय मागे घ्यायला लावला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आम्हाला काळ्यांच्या पंगतीत बसवू नका, आम्ही गोरे आहोत.

पुढाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. १७९० च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या' परदेशीयांना मिळत असे. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, बाकी दार बंदच. १८९७ मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयात रिकार्डो रॉड्रिगेझ या मेक्सिकन माणसाचा अर्ज आला. वंशशास्त्राप्रमाणे हा गोरा नव्हे, असे म्हणत म्हणत न्यायाधीशांनी त्यास नागरिकत्वास पात्र ठरविले, कारण १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने मेक्सिकनांना तसा हक्क दिला होता. म्हणजे चेहऱ्याने नव्हे, पण कागदाने गोरा. ज्या घरात शिरायला गोरेपणाचीच किल्ली लागते, तेथे माणूस ती किल्ली हातची सोडत नाही. आपल्याकडे आडनावे बदलून शहरात खोली मिळविणारे कमी आहेत काय?

पण कागदावरचे गोरेपण न्यायालयात कसे अंगावर उलटते, ते १९५४ च्या 'हर्नांडेझ विरुद्ध टेक्सास' या खटल्यात दिसले. वकिलीच्या धंद्यात असल्याने आम्हाला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, आणि चळवळीतील तरुण वकिलांनी तो मुळातून वाचावा. पीट हर्नांडेझ या शेतमजुरावर खुनाचा आरोप होता. जॅक्सन काउंटीत मेक्सिकन आडनावाचे लोक १४ टक्के, पण पंचवीस वर्षांत ज्यूरीत त्यांच्यातला एकही माणूस बसलेला नव्हता. गस गार्सिया आणि कार्लोस कॅडेना या वकिलांनी हा भेदभाव असल्याचे मांडले. सरकार पक्षाचे उत्तर ऐका. राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती दोनच वर्ग ओळखते, गोरे आणि काळे. मेक्सिकन हे गोरे आहेत, ज्यूरीत गोरेच बसले होते, मग भेदभाव कसला? ज्या कोर्टाच्या आवारात हा युक्तिवाद झाला, त्याच आवारात पुरुषांसाठी दोन शौचालये होती. एकावर पाटी नव्हती. दुसऱ्यावर 'रंगीत पुरुष' असे लिहून खाली स्पॅनिशमध्ये 'पुरुषांनी येथे' असे लिहिले होते. फॉर्मवर गोरा, शौचालयात रंगीत! सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीश अर्ल वॉरेन यांच्या निकालपत्राद्वारे ३ मे १९५४ रोजी शिक्षा रद्द केली. त्यांनी हर्नांडेझचा वंश ठरविलाच नाही. हा समाज त्या काउंटीत वेगळा वर्ग म्हणून वागविला जातो की नाही, हे पुराव्याने पाहिले. हॉटेलावरची 'मेक्सिकनांना वाढले जाणार नाही' ही पाटी पुरावा झाली, पोरांची वेगळी शाळा पुरावा झाली. शाळांतील वंशभेद मोडणारा सुप्रसिद्ध ब्राऊन निकाल यानंतर दोन आठवड्यांनी, १७ मे रोजी आला.

येथून वारे फिरले. गोरे म्हणवून घेऊन हाती काही लागत नाही आणि मोजलेच गेलो नाही तर भेदभावाचा आकडा कोर्टात ठेवता येत नाही, हे पुढच्या पिढीने ओळखले. १९७० च्या जनगणनेत 'स्पॅनिश मूळ' हा प्रश्न फक्त पाच टक्के घरांना विचारला गेला. त्यात 'मध्य किंवा दक्षिण अमेरिकन' असा एक पर्याय होता. अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागात राहणाऱ्या कित्येक भाबड्या लोकांनी त्यावर खूण केली. हसण्यावारी नेऊ नये, रकान्याची भाषा साहेबाच्या टेबलावर ठरली की असेच होते. पुढे १९७६ मध्ये संसदेने कायदा केला, १९७७ मध्ये सर्व सरकारी खात्यांसाठी वंशाचे एकच कोष्टक आले आणि १९८० पासून हिस्पॅनिक मूळ प्रत्येक घराला विचारले जाऊ लागले. मतदारसंघांची आखणी, स्पॅनिशमधून मतपत्रिका, नोकरीतील भेदभावाचे खटले, या सर्वांमागे हे आकडे उभे आहेत.

आता या नाण्याची दुसरी बाजू, जी आमच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. 'लॅटिनो' म्हणजे एकजिनसी बहुजन नव्हे. त्याच्या पोटातही वर्णाची उतरंड आहे. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ओळखपत्रावर वर्णाच्या रकान्यात सावळ्या-काळ्या माणसाला 'इंदिओ' म्हणजे इंडियन लिहिण्याची प्रथा कित्येक दशके होती. काळा म्हणजे शेजारचा हैतीचा माणूस, आणि १९३७ मध्ये हुकूमशहा त्रुहियोने सीमेवर हजारो हैतींची कत्तल करविली होती. तेथे कोण स्वतःला काळा म्हणवून घेईल? मेक्सिकोने तर 'आम्ही सारे मिश्र रक्ताचे' या गोड घोषणेखाली आपले आफ्रिकी वंशज मोजलेच नाहीत. २०२० च्या तेथील जनगणनेत प्रथमच तो प्रश्न आला आणि पंचवीस लाखांवर माणसे पुढे आली. 'आता जात उरली कोठे?' असे म्हणणाऱ्या आपल्याकडील सज्जनांची येथे आठवण होते.

ही माणसे न्यूयॉर्कला आली की त्यांच्यापुढे दोन फासे पडतात. पोलीस त्यांना काळा समजून अडवितो, आणि सरकारी आकडा मात्र त्यांना फक्त हिस्पॅनिक समजतो. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २००७ च्या नियमांप्रमाणे, ज्या मुलाच्या पालकांनी हिस्पॅनिक असे लिहिले, ते मूल वंशाने काळे असो वा आदिवासी, अहवालात फक्त हिस्पॅनिक म्हणून जाते. पालकांनी उत्तरच दिले नाही, तर शाळेचे कर्मचारी मुलाकडे पाहून रकाना भरतात. १९३० चा प्रगणक शाळेच्या कार्यालयात अजून बसलेलाच आहे. ओहाकाहून आलेल्या मिश्तेको मजुराचेही तेच. त्याची मायबोली स्पॅनिश नव्हे, तो मूळनिवासी. १९९७ च्या नियमांनी मध्य व दक्षिण अमेरिकेतील मूळनिवासींना 'अमेरिकन इंडियन' या चौकटीत जागा दिली, पण ही गोष्ट त्याला सांगणार कोण?

मार्च २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने नवे कोष्टक जाहीर केले. दोन प्रश्नांचा एकच प्रश्न केला, त्यात 'हिस्पॅनिक किंवा लॅटिनो' ही चौकट गोरे-काळे यांच्या बरोबरीने ठेवली आणि एकाहून अधिक खुणा करण्याची मुभा दिली. २०१५ च्या चाचणीत या पद्धतीने 'इतर' म्हणणारे लॅटिनो झपाट्याने घटले, म्हणून अधिकारी खूष. पण कृष्णवर्णीय लॅटिनो कार्यकर्त्यांनी विरोध नोंदविला. त्यांचे म्हणणे, माणूस एकच खूण करून उठेल, ती 'लॅटिनो' ची असेल, आणि आम्ही आकड्यांतून पुसले जाऊ. आमच्या मते त्यांची भीती रास्त आहे. आपल्या लॅटिनो नेत्यांना एकगठ्ठा मोठा आकडा हवा असतो, कारण त्यावर जागा मिळतात. त्या आकड्याच्या तळाशी कोण दबले आहे, हे पाहायला त्यांना सवड नाही. शिवाय न मोजले जाण्याची भीती वेगळीच. नागरिकत्वाचा प्रश्न जनगणनेत घालण्याचा डाव सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अडविला खरा, पण धास्ती बसायची ती बसली. २०२० मध्ये जवळपास ५ टक्के लॅटिनो मोजणीतून निसटले, असे जनगणना खात्याच्याच पडताळणीत निघाले.

आपल्याकडून गेलेल्यांनी याच फॉर्मवर काय केले, तेही सांगितले पाहिजे. भगतसिंग थिंद या शीख गृहस्थांचा नागरिकत्वाचा खटला १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यांच्या बाजूने युक्तिवाद असा की, हे उच्च जातीचे आर्य आहेत, सबब गोरे आहेत, आणि गोरा अमेरिकन जसा निग्रोला दूर ठेवतो तसे हे मूळनिवासींना दूर ठेवतात. जातीचा अभिमान गोरेपणाचा पुरावा म्हणून मांडला गेला! न्यायालयाने तो फेटाळला. १९२० ते १९४० च्या जनगणनांत सर्व भारतीयांना, शीख-मुसलमानांसह, 'हिंदू' नावाचा वंश चिकटविला गेला. १९७० मध्ये भारतीय गोऱ्यांत मोजले गेले. नंतर तेथील भारतीय संघटनांनी अल्पसंख्याक म्हणून वेगळी नोंद मागितली आणि १९८० मध्ये 'एशियन इंडियन' ही चौकट मिळाली. म्हणजे भेदभावापासून संरक्षण हवे म्हणून रकाना मागणे तेथे शहाणपणाचे, आणि येथे आपण मागितला की जातीयवादी. त्या चौकटीत ब्राह्मण आणि दलित एकत्र बसतात, आणि दलित त्यात तसाच दिसेनासा होतो जसा लॅटिनोंत काळा डोमिनिकन.

२०११ च्या जनगणनेत आम्ही वस्त्यांतून फिरत होतो. एका घरात म्हातारी आई ठासून 'बौद्ध' म्हणत होती आणि नोकरीतला मुलगा तिला गप्प करून 'हिंदू लिहा' म्हणत होता. त्याला भीती सवलत जाण्याची. प्रगणक पेन्सिल धरून दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. शेवटी काय लिहिले गेले, ते आम्हाला कळलेच नाही.

जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला, आणि तेव्हापासून तोच प्रश्न लोक आम्हाला पुन्हा विचारतात. म्हणून कायदा सांगतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध माणूस अनुसूचित जातीचा असू शकतो, त्यामुळे धर्म 'बौद्ध' लिहून अनुसूचित जातीची नोंद करण्यास आडकाठी नाही. सवलत जातीच्या दाखल्यावर मिळते, जनगणनेच्या फॉर्मवर नव्हे. जनगणना कायदा १९४८ चे कलम १५ पाहा. तुमची वैयक्तिक नोंद कोणाला पाहता येत नाही आणि ती दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाही. त्या मुलाला हे तेव्हा दारातच सांगायला हवे होते. आम्ही वकील असून आमच्या तोंडून ते निघाले नाही, कारण कलम आम्हालाही त्या दिवशी आठवले नव्हते.