धडा कोणाचा आणि प्रश्न कोणाचे?

नागपूर विद्यापीठाच्या बी.ए. द्वितीय वर्षाच्या इतिहासात २०१९ साली 'राष्ट्र निर्माणात संघाची भूमिका' हा भाग आला. १८८५ ते १९४७ या कालखंडाचा हा पेपर आहे. त्या वेळच्या बातम्यांनुसार या जागी आधी सांप्रदायिकतेचा उदय आणि वाढ शिकवली जात होती. काँग्रेसने आणि विद्यार्थी संघटनेने विरोध केला. एम.ए.ला संघाचा परिचय २००३-०४ पासूनच आहे, असे समर्थन विद्यापीठाच्या बाजूने झाले. काही दिवस वाद गाजला आणि विरला. २०२३ मध्ये पुन्हा तेच घडले. एम.ए. इतिहासातून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा भाग गेला आणि भारतीय जनता पक्षाचा १९८० ते २००० पर्यंतचा इतिहास व रामजन्मभूमी आंदोलन आले.

या वादात एक माणूस कुठेच दिसला नाही. तो म्हणजे हा पेपर लिहिणारा विद्यार्थी. नागपूरपासून साधारण सत्तर किलोमीटरवर असलेल्या भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावी हा अभ्यासक्रम पोचतो तेव्हा त्याचे काय होते, हे कोणी विचारले नाही. शहरातल्या मुलाला वाचनालय आहे, व्याख्याने आहेत, दुसरी बाजू सांगणारे दहा जण आहेत. भिवापूरच्या मुलीला वर्गात मिळेल तेवढेच मिळते. बाकी परीक्षेच्या आधी बाजारात मिळणारे गाइड आणि मोबाइलवर येणारे व्हिडिओ. मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडून चार पैसे आणणाऱ्या आईची मुलगी बी.ए.ला जाते, तेव्हा त्या घरातली बहुधा ती पहिलीच पदवीधर असते. तिच्यासाठी अभ्यासक्रमातले एक पान बदलणे ही किरकोळ गोष्ट नाही. तिला दुसरे पान मिळणार नसते.

संघ अभ्यासक्रमात नको, असे आमचे म्हणणे नाही. संघाची स्थापना १९२५ साली नागपुरातच झाली. या शहराचा इतिहास शिकवायचा आणि संघाचे नाव घ्यायचे नाही, हे हास्यास्पद ठरेल. आक्षेप दोन आहेत. पहिला शीर्षकावर. 'राष्ट्र निर्माणात भूमिका' असे शीर्षक दिले की उत्तर आधीच ठरते. विद्यार्थ्याने भूमिका शोधायची नसते, ती पाठ करायची असते. काँग्रेसबद्दल असे शीर्षक असते तरी आक्षेप हाच राहिला असता.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जो भाग गेला, तो नव्या भागाची पार्श्वभूमी होता. १९०६ मध्ये मुस्लिम लीग, १९१५ मध्ये हिंदू महासभा, १९१९ नंतरची खिलाफत चळवळ आणि तिचा शेवट, १९२३ मध्ये नागपुरात मिरवणुकीवरून पेटलेला तणाव, १९२५ मध्ये संघ, १९२७ ची नागपूरची दंगल. ही साखळी तोडली तर १९२५ हे साल समजत नाही. ते आकाशातून पडल्यासारखे वाटते. संघाचा समर्थक असो वा विरोधक, त्याला संघ समजून घ्यायचा असेल तर आधीचा धडा लागतोच.

मुसलमान विद्यार्थ्यालाही तो धडा हवा आहे, आणि तो आपल्या सोयीचा नाही. सांप्रदायिकतेचा इतिहास म्हणजे केवळ दुसऱ्यांचा इतिहास नव्हे. विभक्त मतदारसंघांचे राजकारण, लीगची वाढ, १९४० चा लाहोर ठराव हे सगळे त्यात येते. त्याच वर्षी, त्या ठरावानंतर सुमारे महिन्याभराने, दिल्लीत अल्लाह बख्श सुमरो यांच्या पुढाकाराने आझाद मुस्लिम परिषद भरली आणि तिने फाळणीच्या मागणीला विरोध केला, हेही त्यात येते. आपल्या मुलांना यातले पहिले टोमणा म्हणून ऐकायला मिळते आणि दुसरे कोणी सांगतच नाही. वर्गात दोन्ही पुराव्यांसह समोर आले असते तर टोमण्याला उत्तर देण्याची ताकद आली असती आणि आपल्या चुकांकडे बघण्याचीही.

इथे आपल्याला आपलीच कसोटी लावली पाहिजे. २०२२ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने इस्लामिक स्टडीजच्या अभ्यासक्रमातून मौलाना मौदुदी आणि सय्यद कुत्ब यांचे लेखन काढून टाकले. काही अभ्यासकांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले होते, त्यानंतर हे झाले. मौदुदींचा जन्म आपल्या औरंगाबादचा. धर्माधिष्ठित राज्याचा त्यांचा विचार आम्हाला मान्य नाही, आणि त्याने मुस्लिम समाजाचे, विशेषतः स्त्रियांचे, नुकसान केले असे आमचे मत आहे. पण म्हणूनच तो वर्गात शिकवायला हवा होता, त्याच्या टीकाकारांसह. वर्गातून काढलेला विचार समाजातून जात नाही. तो अशा ठिकाणी जातो, जिथे त्याला प्रश्न विचारणारे कोणी नसते. नागपुरात एक मोजमाप आणि अलीगढमध्ये दुसरे, असे आपल्याला करता येणार नाही.

यावर आपल्याच समाजातून एक व्यवहारी उत्तर येते. पोटाला आधी भाकरी, मग इतिहास. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवले की वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी किंवा पदविका असलेले चार टक्क्यांहूनही कमी आहेत. आधी मुले महाविद्यालयात तर पोचू द्या, कौशल्याचे शिक्षण द्या, नोकरी लागू द्या, अभ्यासक्रमातले धडे मग बघू. ही चिंता खरी आहे आणि तिची टिंगल करता येणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणातही कौशल्यावर भर आहे, आणि भिवापूरच्या मुलांना त्याची गरज आहे.

पण भिवापूरकडेच बघा. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तरी या मिरचीखालचे क्षेत्र का घटले, संकरित वाण आणि रोग यांचा त्यात वाटा किती, मानांकनाचा फायदा शेतकऱ्यापर्यंत का पोचत नाही, हे विचारायला नुसते कौशल्य पुरत नाही. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. त्यासाठी आसपासच्या तालुक्यांतली गावे उठली. पुनर्वसनाचा कागद वाचणे, शासनाचे म्हणणे आणि गावकऱ्यांचे म्हणणे समोरासमोर ठेवणे, त्यातले खरे काय ते ठरवणे, हेच तर इतिहासाचा वर्ग शिकवतो. ज्या मुलीला हे जमते ती तलाठ्याच्या कार्यालयातही फसत नाही आणि व्हाट्सअ‍ॅपवरही. बी.ए.ची पदवी निरुपयोगी आहे असे म्हणतात, ते बऱ्याच अंशी आपण ती पाठांतराची केल्यामुळे.

मग मागणी काय करायची? 'आमचाही एक धडा घाला' ही मागणी आम्हाला मान्य नाही. फातिमा शेख यांचे नाव यावे, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने नागपूर वसवले हे यावे, असे आम्हालाही वाटते. पण प्रत्येक समाजाने आपापले पान मागितले तर अभ्यासक्रम म्हणजे वाटणीचा सातबारा होईल, आणि ज्याच्या हाती सत्ता त्याचे क्षेत्र मोठे.

मागायचे ते असे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ नुसार अभ्यासक्रम अभ्यास मंडळात तयार होतो आणि विद्या परिषदेत मंजूर होतो. कोणताही भाग घालताना किंवा काढताना मंडळाने त्याची कारणे लेखी जाहीर करावीत. वादाच्या प्रत्येक विषयावर किमान दोन भिन्न बाजूंचे वाचन सक्तीचे असावे. रामजन्मभूमी आंदोलन शिकवायचे तर ९ नोव्हेंबर २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचनात असावा. त्यात जागा मंदिरासाठी दिली आहे आणि मशीद पाडणे हे कायद्याच्या राज्याचे गंभीर उल्लंघन होते असेही म्हटले आहे. लिबरहान आणि श्रीकृष्ण आयोगांचे अहवालही असावेत. हे साहित्य मराठीत करून संलग्न महाविद्यालयांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी विद्यापीठाची असावी. आणि प्रश्नपत्रिकेत 'भूमिका स्पष्ट करा' याच्या जोडीला 'हे विधान पुराव्यांच्या आधारे तपासा' असा प्रश्न असावा. पाठ करून या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

या मागण्यांत कोणत्याही धर्माचे नाव नाही. संघाच्या शाखेत जाणाऱ्या मुलालाही त्यांचा तेवढाच फायदा आहे. विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. गावाने आपला विचार आपण करावा म्हणून या माणसाने ग्रामगीता लिहिली. त्याच्या नावाच्या विद्यापीठाने भिवापूरच्या विद्यार्थ्याला तयार उत्तर पाठवू नये. पुरावे पाठवावेत. उत्तर तो काढेल.