मूल्यशिक्षणाचा तास

परवा ताईचा फोन आला. तिचा नातू डॉक्टर झाला, इंटर्नशिपही संपली. सरकारी कॉलेजात शिकल्यामुळे आता एक वर्ष सरकारी सेवा करायची आहे. ताई म्हणाली, "तुझा एक विद्यार्थी आरोग्य खात्यात आहे ना रे? त्याला सांग, पोराला गडचिरोली-नंदुरबारला टाकू नका. आपल्या बदलापूर-कल्याणकडे बघा म्हणावं." मी हो-नाही काहीच बोललो नाही. ताई हा ब्लॉग वाचते (म्हणजे सून वाचून दाखवते), म्हणून उत्तर इथेच देतो.

पूर्वी दहा लाख रुपये भरले की एमबीबीएसवाल्यांची या सेवेतून सुटका होत असे. सेवा म्हणजे पैसे भरून टाळायची गोष्ट, हे आपणच मुलांना शिकवलं. मग त्यांना नावं कशाला ठेवायची?

आमच्या शाळेतही मूल्यशिक्षणाचा तास होता. पोर्शन राहिला की तो तास मागून घ्यायचा आणि व्याकरण उरकायचं. मागून घेणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला बोलू. मुलं काय शिकायचं ते शिकली.

मागच्या पावसाळ्यात सौ. तापाने आजारी होती. मांजर्लीतून रिक्षाने नेऊन एका इस्पितळात ठेवली होती. तिथे नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती, एकोणीस-वीस वर्षांची. ताप मोजताना तिने विचारलं, "आजी, घरी गेल्यावर स्वयंपाक कोण करणार?" प्रश्न अगदी नेमका होता, कारण घरी आम्ही दोघंच. तेवढ्यात मोठ्या सिस्टर ओरडल्या, "गप्पा नंतर. आधी चार्ट भर." दुसऱ्या दिवशी त्या मुलीने मुकाट्याने ताप मोजला आणि पुढच्या कॉटकडे गेली. त्या सिस्टरना तरी काय बोलणार, एकट्या सगळा वॉर्ड ओढत होत्या. पण रुग्णाशी कसं वागायचं, याचा त्या दिवशीचा धडा तेवढाच झाला.

म्हणून मला सेवाग्रामचं कौतुक वाटतं. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, म्हणजे गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. नवी मुलं आधी पंधरा दिवस आश्रमात राहतात. प्रार्थना, सूतकताई, झाडलोट, सगळं आलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. एकेका विद्यार्थ्याकडे चार-पाच घरं असतात आणि त्याच घरांत त्याला पुनःपुन्हा जावं लागतं. एकदा गोळ्या वाटून फोटो काढून परत, असं नाही. म्हातारीचा खोकला का जात नाही, हे चुलीच्या धुरात बसल्यावर कळतं. अलीकडे एमबीबीएसच्या देशभरच्या अभ्यासक्रमातही कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम आला आहे. चांगलंच आहे. फक्त त्याचा आमच्या मूल्यशिक्षणाच्या तासासारखा सह्यांचा कारभार होऊ नये.

दुसरं जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. गावोगावच्या बायकांना, ज्यांतल्या कितीतरी अक्षरशत्रू होत्या, त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. पुढे बाहेरून शिकायला येणाऱ्या डॉक्टर-नर्सना याच बायका शिकवू लागल्या. पदवीधराने नऊवारीतल्या बाईसमोर वही उघडून बसायचं! अहंकार उतरायला याहून चांगला वर्ग मला तरी सुचत नाही.

आता कुणी म्हणेल, सेवाग्रामची सगळी मुलं खेड्यात राहिली का? नाही राहिली. बरीच शहरात गेली, परदेशीही गेली. आणि ताईची काळजीही खोटी नाही. चोवीस वर्षांच्या पोराला आडगावी पाठवायचं, तर राहायला धड खोली हवी, औषधं हवीत, अडलं तर विचारायला अनुभवी माणूस हवा. हे न देता नुसती सेवेची भाषा करणाऱ्यांचा मलाही राग येतो.

पण ताई, आपले वडील तापाने फणफणले होते, तेव्हा दवाखान्याचा डॉक्टर शहरातून यायचा होता. दोन दिवस आपण ओसरीवर बसून वाट पाहिली. तू तेव्हा दहा वर्षांची होतीस, तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल.

त्या विद्यार्थ्याला मी फोन केलेला नाही. नातवाला मात्र सांग, रुजू होण्याआधी चार दिवस माझ्याबरोबर चल. कल्याणहून सेवाग्राम एक्सप्रेस मिळते. तिकिटं मी काढतो.