हीट पंप : अनुदान मिळाले, पण बिलाचे काय?

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर सरत आला की घरोघरी बॉयलर सुरू होतात. गॅसवर पाणी तापवायचे आणि ते भिंतीलगतच्या रेडिएटरमधून फिरवून खोल्या उबदार ठेवायच्या, ही तिथली वर्षानुवर्षांची पद्धत. देशातली सुमारे ८५ टक्के घरे अशीच तापतात. हा गॅस जाळणे थांबवून घरांनी विजेवर चालणारे हीट पंप बसवावेत, असा तिथल्या सरकारचा आग्रह आहे. २०२८ पर्यंत वर्षाला सहा लाख पंप बसवण्याचे उद्दिष्ट ठरले होते. प्रत्यक्षात २०२४ मध्ये विकले गेलेले पंप एक लाखाच्या किंचित आतच होते. भरघोस अनुदान असूनही लोक मागे का राहतात, याचे उत्तर घरखर्चाच्या वहीत सापडते.

हीट पंपाचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजचेच आहे. फ्रिज आतल्या पदार्थांतली उष्णता ओढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. बाहेरचे तापमान शून्याखाली असले तरी हवेत उष्णता असतेच. पंप उष्णता निर्माण करत नाही, ती फक्त वाहून आणतो. त्यामुळे एक युनिट वीज खर्चून तीन ते चार युनिट उष्णता मिळू शकते. गॅस बॉयलरमध्ये मात्र शंभर युनिट गॅस जाळून नव्वदच्या आसपासच युनिट हाती लागतात. कागदावर पंप सरळ जिंकतो.

आता खर्च पाहू. मध्यम आकाराच्या घरात हवेवर चालणारा पंप बसवायला साधारण १३ हजार पौंड लागतात. मे २०२२ मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी अनुदान योजना सुरू झाली, तेव्हा रक्कम पाच हजार पौंड होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती साडेसात हजार झाली, म्हणजे साडेआठ-नऊ लाख रुपयांच्या घरात. अर्ज प्रमाणित कंत्राटदाराने करायचा आणि रक्कम बिलातून वजा करायची, त्यामुळे घरमालकाला आधी पैसे भरून परताव्याची वाट पाहावी लागत नाही. शिवाय मार्च २०२७ पर्यंत या कामावर व्हॅट शून्य आहे. म्हणजे घरमालकाच्या खिशातून साडेपाच हजार पौंड जातात. जुना बॉयलर काढून नवा बसवायला तीन हजारांच्या आसपास लागतात. फरक उरला अडीच हजारांचा. वरवर पाहता हा फरक काही वर्षांत भरून निघेल असे वाटते.

तो भरून निघतो का, हे रोजच्या बिलावर ठरते. ऑफजेम या नियामक संस्थेने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तिमाहीसाठी घातलेली कमाल मर्यादा सरासरीने अशी होती : विजेला युनिटमागे २६.३५ पेन्स आणि गॅसला ६.२९ पेन्स. वीज गॅसच्या चौपटीहून महाग. पंप एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता देत असला, तरी ते युनिटच चौपट दराने घ्यावे लागते.

एका सर्वसाधारण घराचे उदाहरण घेऊ. वर्षाला ११,५०० युनिट गॅस जाळणाऱ्या घराला त्यातून सुमारे दहा हजार युनिट उष्णता मिळते. गॅसचा खर्च ७२३ पौंड आणि गॅसजोडणीचा स्थिर आकार सुमारे १२४ पौंड, मिळून ८४७ पौंड. आता तेवढीच उष्णता पंपाने द्यायची. एका युनिट विजेत वर्षभराच्या सरासरीने २.८ युनिट उष्णता मिळाली, तर वीजखर्च ९४१ पौंड होतो. म्हणजे वर्षाला ९४ पौंडांचा तोटा. हे प्रमाण ३.५ असेल तर खर्च ७५३ पौंडांवर येतो आणि ९४ पौंड वाचतात. अडीच हजारांचा फरक भरून निघायला २६ वर्षे लागतील. पंपाचे आयुष्य साधारण १५ ते २० वर्षांचे. प्रमाण चारवर गेले, तरच १८८ पौंड वाचतात आणि तेरा-चौदा वर्षांत पैसे वसूल होतात. तेही स्वयंपाकाची शेगडी विजेवर आणून गॅसजोडणी पूर्ण बंद केली तर. शेगडी गॅसवरच ठेवली, की स्थिर आकार सुरूच राहतो.

हे प्रमाण पंपाच्या कंपनीपेक्षा घरावर आणि कामाच्या दर्जावर जास्त अवलंबून असते. ब्रिटिश सरकारच्या पुढाकाराने ७४२ घरांत झालेल्या चाचणीत हवेवरच्या पंपांचे मध्यम प्रमाण २.८ च्या आसपास आले. म्हणजे वरच्या उदाहरणातले तोट्याचे गणित काल्पनिक नाही. रेडिएटरमधले पाणी जितके कमी तापवावे लागते, तितकी वीज कमी लागते. गॅस बॉयलरवर हे पाणी ६५-७० अंशांवर फिरते. पंपासाठी ते ४५ अंशांच्या आसपास आणायचे, तर रेडिएटर मोठे हवेत आणि घरातली ऊब बाहेर झिरपायला नको. प्रत्येक खोलीतून किती उष्णता निसटते हे मोजून पंपाचा आकार ठरवावा लागतो. या मोजणीत घाई झाली, की पुढची पंधरा वर्षे बिल भरताना ती जाणवते. गरम पाण्याची टाकी ठेवायला जागाही लागते. अनेक घरांनी छोटे कॉम्बी बॉयलर घेताना ती टाकी कधीच काढून टाकलेली असते. त्यामुळे दरपत्रकात सर्वांत स्वस्त दिसणारा कंत्राटदार शेवटी महाग पडू शकतो. त्याने रेडिएटर, टाकी आणि नळकामाचा खर्च धरला आहे का, किती प्रमाणाची हमी तो लेखी देतो, हे प्रश्न पंपाच्या किमतीआधी विचारायला हवेत. लंडन, बर्मिंगहॅम किंवा मँचेस्टरजवळ घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही हेच लागू आहे.

हा प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंड हवामानात घरातले तापमान किमान १८ अंश असावे असे सांगितले आहे. त्याखाली गेलेल्या घरात रक्तदाब वाढतो, दमा बळावतो, ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी येते. वृद्ध आणि लहान मुलांना याचा फटका आधी बसतो. बिलाच्या धास्तीने एकच खोली तापवून बाकीचे घर गार ठेवणारी कुटुंबे ब्रिटनमध्ये आहेत. नीट बसवलेला पंप दिवसभर मंद, एकसारखी ऊब देतो. अशा घरांना ती हितकारक आहे. घरात ज्वलनच नसल्याने कार्बन मोनॉक्साइडचा धोकाही त्या बाजूने उरत नाही. पण बिल वाढले, तर तेच कुटुंब पंप बंद ठेवेल आणि आरोग्याचा लाभ कागदावरच राहील.

थंडी हे यामागचे कारण नाही. ब्रिटनहून कितीतरी थंड असलेल्या नॉर्वेत निम्म्याहून अधिक घरांत हीट पंप आहेत. कारण दरांच्या रचनेत आहे. ब्रिटनमध्ये विजेचा घाऊक भाव बहुतांश वेळा गॅसवर चालणारी वीजकेंद्रे ठरवतात आणि धोरणात्मक आकारांचा मोठा भागही विजेच्याच बिलावर पडत आला आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात नवीकरणीय ऊर्जेच्या जुन्या योजनेचा घरगुती ग्राहकांवरचा ७५ टक्के बोजा एप्रिल २०२६ पासून तीन वर्षे सरकारी तिजोरीतून उचलण्याचे जाहीर झाले. दिशा योग्य आहे. वीज गॅसच्या तिप्पट दरावर आली, तर वरच्याच घरात ३.५ प्रमाणाचा पंप वर्षाला सुमारे ३०० पौंड वाचवेल आणि अडीच हजारांची वसुली आठ-नऊ वर्षांत होईल.

तोवर अनुदानाचा लाभ मुख्यतः स्वतःचे घर, हाताशी काही हजार पौंड आणि चांगला कंत्राटदार असलेल्यांनाच होणार. भाडेकरूच्या बाबतीत तर खर्च घरमालकाने करायचा आणि बिल भाडेकरूने भरायचे, अशी विभागणी आहे. त्यामुळे पंप बसवण्याची घाई दोघांनाही नसते. साडेसात हजार पौंडांनी पंप घराच्या दारापर्यंत येतो. हिवाळाभर तो सुरू ठेवणे परवडेल की नाही, हे मात्र विजेचा दरच ठरवणार आहे.