गळाचें मोल

मासा गळानें धरण्याची विद्या फार जुनी आहे. परंतु ती दुकानाच्या दारांतून सुरू होते, हा शोध मात्र अलीकडचा आहे. इंग्लंड-अमेरिकेंत ‘फ्लाय फिशिंग’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या छंदाच्या साहित्याच्या किंमती ज्यानें एकदां पाहिल्या असतील, त्याला आमच्या म्हणण्याचा अर्थ ताबडतोब कळेल. नामांकित कारखान्याची एक उत्तम काठी १,००० डॉलरांच्या घरांत, किंबहुना त्याहूनहि वर जाते. म्हणजे आजच्या भावानें ८०,००० रुपयांहून अधिक. हें झालें नुसत्या काठीचें. तिचें रीळ निराळें, रिळावरची दोरी निराळी, पाण्यांत उभें राहण्यासाठीं न भिजणारी विजार आणि बूट निराळे, आणि दोरीच्या टोंकाला बांधावयाच्या, पिसें व धागे गुंडाळून केलेल्या कृत्रिम माश्यांची पेटी तर सर्वांहून निराळी. इतका सरंजाम जमवून जो मासा हातीं येतो, तो पुष्कळ वेळां पुन्हां पाण्यांतच सोडून द्यावयाचा असतो, आणि तें आमच्या मतें योग्यहि आहे. पण चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण ज्यानें केली, त्यानें कोंबडी निदान खाल्ली तरी होती!

शाकाहारी वाचकानें येथेंच पान उलटूं नये. मासा हें केवळ निमित्त आहे. आमच्या बीड जिल्ह्यांत माशीच्या गळाचा शोकीन दिवा घेऊन शोधला तरी सांपडणें कठीण, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु हा रोग गळापुरता नाहीं. मुलाला पक्ष्यांची आवड लागली कीं आधीं महागडा कॅमेरा. ताऱ्यांची आवड लागली कीं आधीं दुर्बीण. धांवण्याची इच्छा झाली कीं आधीं बूट. अशी घरोघरचीं रीत होऊं लागली आहे. आवड मागाहून आली तर आली, नाहीं तर साहित्य माळ्यावर जाऊन पडतें. रोगाचें लक्षण जेथें पूर्ण वाढलेलें दिसतें तेथेंच वैद्यानें तें तपासावें, म्हणून आम्ही गळाचें उदाहरण घेतलें आहे.

शिवाय तें अगदींच परकें राहिलेलें नाहीं. आमच्या एका विद्यार्थ्याचे चुलते माजलगांवच्या धरणांत जाळीं टाकून उदरनिर्वाह करतात. ह्या मुलानें मोबाईलवर कोठलासा परदेशी चित्रपट पाहिला आणि आम्हांस विचारलें, “सर, हें आपल्याकडे करायचें म्हटलें तर काय लागेल?” आम्ही उत्तर देण्यापूर्वींच त्यानें साहित्याच्या किंमती शोधून काढल्या होत्या, आणि त्या पाहून तो विषयच मनांतून पुसून टाकला होता. ज्याच्या घरांत सिंदफणेच्या पाण्याचें ज्ञान पिढ्यान्पिढ्या मुरलेलें आहे, त्यानें नदीकाठीं केवळ मौजेखातर बसण्यासाठीं आपण अपात्र आहोंत अशी समजूत करून घ्यावी, आणि ती एका किंमतपत्रकावरून करून घ्यावी, ह्याहून विपरीत तें काय? आमचा वाद ह्या समजुतीशीं आहे.

आतां पूर्वपक्षाला न्याय दिला पाहिजे. ह्या छंदाचे अभिमानी म्हणतात कीं काठी महाग असते ती उगाच नव्हे. साध्या गळाला वजन असतें. तें फेंकलें कीं दोरी त्यामागें ओढली जाते. पिसाच्या माशीला वजनच नसतें. म्हणून येथें दोरीच जड करावी लागते, आणि काठीच्या लवचिकपणानें ती दोरी हवेंत मागेंपुढें झुलवून माशी अलगद पाण्यावर उतरवावी लागते. काठी किती वांकते, कोठें वांकते आणि किती लवकर सरळ होते, ह्यावर सर्व कौशल्य अवलंबून असतें. हें सर्व आम्हांस मान्य आहे. चांगल्या काठींत आणि वाईट काठींत भेद आहे हेंहि मान्य आहे. कारागिराला त्याच्या श्रमाचें मोल मिळूं नये असें तर आमच्या स्वप्नांतहि नाहीं. परंतु ‘काठी चांगली असावी’ ह्या विधानापासून ‘काठी ८०,००० रुपयांची असावी’ ह्या विधानापर्यंत जी उडी मारली जाते, ती तर्काची नसून जाहिरातीची आहे.

इतिहास काय सांगतो? १४९६ सालीं इंग्लंडांत गळविद्येवर एक छोटें पुस्तक छापलें गेलें. तें डेम ज्युलियाना बर्नर्स हिच्या नांवावर सांगितलें जातें. त्यांत वाचकाला दुकानाचा पत्ता दिलेला नाहीं. झाडाची फांदी तोडून काठी कशी करावी, घोड्याच्या शेपटीचे केस वळून आणि रंगवून दोरी कशी बनवावी, शिवणाच्या सुया तापवून त्यांचे गळ कसे वांकवावेत, हें त्यांत शिकविलें आहे. पुढें १९ व्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया संस्थानांतील ईस्टन गांवीं सॅम्युएल फिलिप नांवाच्या, बंदुका आणि व्हायोलिनें बनविणाऱ्या कारागिरानें बांबूच्या चिपा एकमेकींस चिकटवून नव्या प्रकारची काठी केली. तिचा बांबू कोठला? आपल्याकडचा! त्या काळच्या काठ्यांच्या बांबूला ‘कलकत्ता केन’ असेंच नांव होतें. मागाहून चीनचा बांबू आला, दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूची काठी आली, आणि १९७३ सालीं कर्बतंतूची काठी बाजारांत आली. प्रत्येक पिढीला सांगण्यांत आलें कीं हीच काठी खरी, हिच्यावांचून मासा लागणें नाहीं. मागच्या पिढीचे मासे मात्र मागच्या काठीला बिनतक्रार लागत होते.

जपानच्या डोंगराळ भागांत ‘तेंकारा’ नांवाची पद्धत जुन्या काळापासून चालत आली आहे. तींत रीळ नाहीं. एक लांब काठी, तिच्या टोंकाला बांधलेली दोरी आणि एक पिसाची माशी, एवढ्यावर तेथील लोक वेगवान ओढ्यांतले मासे धरीत आणि पोट भरीत. २००९ नंतर ही पद्धत अमेरिकेंत लोकप्रिय झाली. ‘पॅटागोनिया’ ह्या प्रख्यात कंपनीचा संस्थापक ईव्हॉं शुइनार्ड ह्यानें २०१४ सालीं दोन सहलेखकांसह ह्या साध्या पद्धतीवर पुस्तकच लिहिलें. ज्याच्या कंपनीचा माल स्वस्ताईबद्दल प्रसिद्ध नाहीं, त्यानेंच थोड्या साहित्यानें अधिक शिकावें असा उपदेश करावा, ह्याला घरचा अहेर म्हणतात.

परंतु जपानपर्यंत जाण्याचेंहि कारण नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ १२ व्या शतकाच्या पूर्वार्धांतला. ती कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. आणि आजच्या मराठवाड्याचा मोठा भाग त्या काळीं चालुक्यांच्याच अमलाखालीं होता. ह्या ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें ‘मत्स्यविनोद’ नांवाचें एक प्रकरण आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनीं १९५१ सालीं त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि गळविद्येच्या इतिहासांत त्याला मानाचें स्थान मिळालें. माशांच्या जाती, त्यांचीं राहण्याचीं ठिकाणें, कोणाला कोणतें आमिष द्यावें, काठी-दोरी-गळ कसे असावेत, ह्यांचा त्यांत विचार आहे. लिहिणारा राजा होता; त्याला सोन्याचा गळ करवून घेणें अशक्य नव्हतें. पण प्रकरणाचा भर आहे तो माशाच्या ज्ञानावर. आमच्याच मातींतल्या एका राजाला जें कळलें होतें, तें आजच्या मध्यमवर्गीय गृहस्थाला कळूं नये ह्याचें नवल वाटतें.

साहित्याचा मोह मोकाट सुटला म्हणजे कोठवर जातो, तेंहि पाहण्यासारखें आहे. आपल्या सह्याद्रींत राखी रानकोंबडा राहतो. त्याच्या मानेच्या पिसांवर लाखेच्या थेंबांसारखे चकचकीत ठिपके असतात. इंग्लंडांतील साल्मन माशाच्या शोकिनांना हीं पिसें आपल्या माश्यांवर हवीं असत, म्हणून पुष्कळ वर्षें त्यांची भारतांतून निर्यात चालली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें छत्र ह्या पक्ष्याला मिळालें, तें उशीरा कां होईना, बरेंच झालें. परंतु त्याहून चमत्कारिक गोष्ट २००९ च्या जून महिन्यांत घडली. इंग्लंडांत ट्रिंग येथील संग्रहालयांतून एका तरुण संगीतविद्यार्थ्यानें पक्ष्यांचीं २९९ कातडीं चोरून नेलीं. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्या थोर निसर्गशास्त्रज्ञानें जमविलेले नमुनेहि होते. ही चोरी कशासाठीं? जुन्या पद्धतीच्या माश्या बांधणाऱ्या शोकिनांना दुर्मिळ पिसें हवीं होतीं म्हणून. आणि ह्या शोकिनांपैकीं कित्येक त्या माश्या पाण्यांत कधीं टाकीतच नाहींत. त्या कांचेखालीं ठेवण्यासाठीं असतात! मासा गेला, नदी गेली, राहिलें तें नुसतें साहित्य.

ह्यावर पूर्वपक्षाचें एक उत्तर अधिक वजनदार आहे. तो म्हणतो कीं श्रीमंत शोकिनांमुळेंच नद्या वांचतात. ह्यांत तथ्य आहे. बंगलोरास १९७२ सालीं स्थापन झालेल्या वन्यजीव संस्थेनें कावेरीच्या कांहीं भागाचें आणि तेथील महसीर माशाचें रक्षण गळाच्या शोकिनांच्या साह्यानें केलें. आपल्याकडे लोणावळ्यास वळवणच्या तलावापाशीं टाटांच्या वीज कंपनीनें महसीराचीं पिल्लें तयार करण्याचें केंद्र चालविलें आणि तीं देशभर पाठविलीं. कांहीं कारखानदार विक्रीचा अंश नद्यांसाठीं देतात. हें सर्व स्तुत्य आहे. पण त्यांतलें मुख्य काम झालें तें राखणदार नेमून, परवान्याची फी घेऊन, पिल्लें जोपासून. काठी महाग असण्याची त्याला गरज नव्हती. उलट आमचें म्हणणें असें कीं ज्या नदीवर केवळ मूठभर धनिकांचा जीव आहे, ती नदी अनाथच समजावी.

आमच्या जिल्ह्याला हें सांगावयास नको. मांजरा नदी आमच्याच बालाघाटांत उगम पावते. केज तालुक्यांत धनेगांवास तिच्यावर धरण आहे, आणि लातूर शहर त्याचें पाणी पितें. २०१६ च्या उन्हाळ्यांत तें धरण कोरडें पडलें आणि लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. बीड शहरांतून वाहणाऱ्या बिंदुसरेकडे किती नागरिक प्रेमानें पाहतात, हें ज्याचें त्यानें मनाशीं विचारावें. नदीचे कैवारी सभांतून आणि ठरावांतून निर्माण होत नाहींत. जो मुलगा लहानपणीं पाण्याकाठीं तासन्‌तास बसला, कोणत्या डोहांत मरळ असतो आणि वाम कोणत्या दगडाखालीं दडते हें ज्यानें स्वतः हुडकलें, तोच मोठेपणीं त्या डोहांत सांडपाणी सोडणाऱ्याचा हात धरील. हीं मुलें जितकीं अधिक, तितकी नदी सुरक्षित. आणि छंदाची किंमत जितकी अधिक, तितकीं हीं मुलें थोडीं. किंमतीचा प्रश्न आम्हांस गंभीर वाटतो तो ह्यामुळें.

शेवटचा आक्षेप असा कीं, “पैसे त्यांचे, हौस त्यांची, तुमचें काय जातें?” आमचें जातें तें असें. किंमत ही नुसती किंमत राहत नाहीं. ती प्रतिष्ठेची भिंत होते. तोच मासा, तेंच पाणी, तेंच कौशल्य. परंतु भोई गळ टाकतो तेव्हां तो धंदा, आणि परदेशी काठीवाला टाकतो तेव्हां ती क्रीडा! विद्या कोणाजवळ आहे हें पाहण्याऐवजीं साहित्य कोणाजवळ आहे हें पाहिलें जातें. आमच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. हत्यारावरून माणूस मोजण्याची ही रीत गरिबीनें लादली, म्हणून ती आम्हांस सलते. तीच रीत सुखवस्तु माणसानें हौसेनें स्वतःला लावून घ्यावी, ह्याला काय म्हणावें?

म्हणून सुशिक्षित आईबापांना आमचें सांगणें सरळ आहे. मुलाला आकाशाची आवड असेल तर पहिलें वर्ष त्याला नुसत्या डोळ्यांनीं नक्षत्रें ओळखूं द्या. पक्ष्यांची असेल तर वही आणि पेन्सिल द्या. आणि पाण्याची असेल तर आधीं पोहावयास शिकवा. मग एक वेळूची काठी, चार हात तंगूस आणि एक गळ द्या, आणि पाण्याची माहिती असलेल्या एकाद्या भोयाजवळ नेऊन बसवा. धरणाचा ठेका ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल तिची परवानगी घ्या. लहान मासा परत सोडावा आणि विणीच्या दिवसांत गळ टाकूं नये, हें मुलाला पहिल्याच दिवशीं सांगा. दोन वर्षांनीं त्याचा हात काठीच्या पुढें गेला, तर खुशाल चांगली काठी घ्या. तेव्हां ती किती रुपयांची असावी हें तो स्वतःच सांगेल, आणि तो आंकडा दुकानदाराच्या आंकड्याहून बराच लहान असेल, अशी आमची खात्री आहे.