आरसा म्हणजे तिजोरी नव्हे

घरच्या संगणकात एकाऐवजी दोन, चार किंवा सहा डिस्क बसवून त्यांचा एकसंध साठा उभारणे ही आता बड्या कंपन्यांची मिरासदारी राहिलेली नाही. लिनक्स ही संगणकप्रणाली मोफत मिळते आणि अनेक डिस्क एकत्र गुंफणारी ‘एमडीॲडम’सारखी साधनेही मोफत मिळतात. जुना संगणक, पदरमोड करून घेतलेल्या डिस्क आणि थोडी चिकाटी असली की एखाद्या रविवारी हे काम उरकता येते. गूगलने १ जून २०२१ पासून छायाचित्रांची अमर्याद मोफत साठवण बंद केली, तेव्हा दुसऱ्याच्या वखारीत माल ठेवला की अटीही वखारवाल्याच्याच असतात, हे पुन्हा एकदा दिसून आले. त्या दृष्टीने घरचा साठा घरी ठेवण्याची ही प्रवृत्ती स्वागतार्हच आहे. मात्र तिच्या पाठोपाठ एक गैरसमजही घरात शिरला आहे. डिस्क अनेक झाल्या म्हणजे माहिती सुरक्षित झाली असे मानले जाते, आणि हे मानणे घातक आहे.

या तंत्राचा मूळ हेतू पाहिला तर गैरसमज दूर व्हावयास हरकत नाही. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली मांडलेल्या निबंधात, एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक छोट्या व स्वस्त डिस्क वापराव्यात, असा युक्तिवाद होता. उद्देश काटकसरीचा आणि वेगाचा होता. परंतु डिस्क वाढल्या की त्यांतील एखादी बिघडण्याचा संभवही वाढतो. ही अडचण त्यांनी स्वतःच पुढे ठेवली आणि तिच्यावर उपाय म्हणून जादा माहिती साठविण्याच्या पद्धती सुचविल्या. ‘रेड’ या नावाने त्या रूढ झाल्या. एखादी डिस्क निकामी झाली तरी काम अडू नये, एवढीच या पद्धतींची प्रतिज्ञा आहे आणि तेवढी त्या चोख पाळतात.

रेड १ मध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर उमटतो. एक दुसरीचा आरसा असते. रेड ५ मध्ये हिशेबनिसाची युक्ती वापरलेली असते. तीन रकमा आणि त्यांची बेरीज लिहून ठेवली, तर त्यांतील एक रक्कम पुसली गेली तरी बेरजेतून उरलेल्या दोन वजा करून ती परत मिळते. प्रत्येकी ४ टेराबाइटच्या ४ डिस्क घेतल्या तर रेड ५ मध्ये १२ टेराबाइट जागा हाती लागते आणि एक डिस्क गेली तरी निभावते; रेड ६ मध्ये जागा ८ टेराबाइटच मिळते, पण दोन डिस्क गेल्या तरी साठा टिकतो. गृहस्थाचा ओढा साहजिकच पहिल्या सौद्याकडे असतो. मात्र निकामी डिस्कच्या जागी नवी बसविली की तिची भरपाई करण्यासाठी उरलेल्या सर्व डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. मोठ्या डिस्कना यासाठी कित्येक तास, प्रसंगी दिवसही लागतात. एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेल्या, सारख्याच झिजलेल्या डिस्कवर हा ताण नेमका अशा वेळी येतो. त्या अवधीत रेड ५ मधील दुसरी डिस्क गेली की सारा साठा गेला.

याहून मोठा धोका डिस्कच्या बाहेर आहे. आरसा आज्ञाधारक असतो. मालकाने चुकून एखादी फाइल पुसली, तर ती दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. १९९८ साली पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ची निर्मिती चालू असताना अशाच एका आज्ञेने चित्रपटाचा बराचसा भाग नाहीसा झाला. राखीव प्रती होत्या, पण त्या सदोष निघाल्या. गेलिन सुसमन या अधिकारी घरून काम करता यावे म्हणून घरच्या संगणकावर एक प्रत ठेवीत असत. तिच्यामुळे चित्रपट वाचला. कंपनीच्या यंत्रशाळेला जे साधले नाही, ते निराळ्या छपराखालच्या एका प्रतीने साधले.

छप्पर निराळे असावयास हवे, हा मुद्दा मुंबईकरांना तरी पटवून देण्याची गरज नसावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तळमजल्यावर घुसलेले पाणी कपाटातला एक अल्बम बुडवून दुसरा सोडत नाही. एका पेटीतल्या सहा डिस्कनाही तोच न्याय लागतो. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्राला आग लागली आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचा ८५८ टेराबाइटचा साठा जळाला. साठा फार मोठा असल्याने त्याची प्रत अन्यत्र ठेवलीच नव्हती. प्रगत राष्ट्राच्या शासनाची ही अवस्था, तर घरच्या कपाटाची काय कथा!

उपाय खर्चिक नाही. चार डिस्कसाठी पैसे असतील, तर दोन आरशाप्रमाणे जोडाव्यात आणि उरलेल्या दोनांवर आळीपाळीने प्रत घेऊन त्यांतील एक सदैव दुसऱ्या गावच्या भावाबहिणीकडे असावी. जागा कमी मिळेल, पण जे मिळेल ते टिकेल. ‘झेडएफएस’ किंवा ‘बीटीआरएफएस’ या रचना प्रत्येक मजकुराची पडताळणी-संख्या जपतात. त्यामुळे दोन प्रतींत तफावत पडली तर खरी कोणती, हे त्यांना सांगता येते. साध्या आरशाला ते कळत नाही. डिस्क बिघडल्याची सूचना मालकापर्यंत पोचेल, अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी. अन्यथा साठा एका पायावर महिनोन् महिने उभा राहतो आणि कोणाला पत्ता नसतो. आणि वर्षातून एकदा तरी राखीव प्रतीतून दहा-वीस फाइली प्रत्यक्ष परत काढून पाहाव्यात. न तपासलेली प्रत ही प्रत असल्याचा केवळ समज असतो.

शेवटचा प्रश्न यंत्राचा नाही. हा संसार घरातील एकाच व्यक्तीला कळतो. सांकेतिक शब्दही तिलाच ठाऊक असतो. ती अंथरुणाला खिळली किंवा निवर्तली, तर शाबूत डिस्कही कुटुंबाच्या दृष्टीने लोखंडाचे तुकडे ठरतात. आजीचा रेकॉर्ड केलेला आवाज, मुलांचे पहिले पाऊल, घराचे दस्तऐवज असे जे पुन्हा निर्माण करता येत नाही, ते त्या पेटीत असते. ते सांभाळणारा मालक नसून विश्वस्त आहे. सांकेतिक शब्द आणि साठा उघडण्याची कृती साध्या मराठीत कागदावर लिहून तो कागद मृत्युपत्र व विम्याच्या कागदांशेजारी ठेवणे, हे विश्वस्ताचे किमान कर्तव्य आहे. पाचवी डिस्क विकत घेण्यापूर्वी ते पार पाडावे.