ऑटोकॅडमध्ये ‘व्ह्यू’ सेव्ह करता? मग नावही नीट द्या!

वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. ३.१४ किलोमीटरच्या या डबल डेकर पुलाची २०२२ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. असे बांधकाम प्लॅनमध्ये काढले, की तिन्ही मजल्यांच्या रेषा एकमेकींवर येतात. मग दरवेळी झूम करा, लेयर बंद-चालू करा. एखादा लेयर चालू राहिला, तर माप भलत्याच मजल्याचे वाचले जाते.

उपाय सोपा आहे. हवा तो भाग स्क्रीनवर आणा, नको ते लेयर बंद करा. ‘व्ह्यू’ कमांड देऊन ‘न्यू’ निवडा, नाव द्या. लेयर स्नॅपशॉटची टिक ठेवली, तर लेयरची स्थितीही सेव्ह होते. पुन्हा पाहायला ‘सेट करंट’ करा. व्ह्यू म्हणजे फोटो नव्हे. ड्रॉइंग बदलले, की त्यातही बदल दिसतो.

व्ह्यू फाइलमध्येच राहतो, म्हणजे पुढच्या माणसाच्याही हाती जातो. त्याला ‘व्ह्यू१’वरून काय कळणार? ‘मेट्रो_प्लॅन’, ‘उड्डाणपूल_प्लॅन’ अशी नावे लगेच समजतात. त्यामुळे नाव दिलेल्या व्ह्यूंशिवाय ऑफिसने ड्रॉइंग स्वीकारूच नये. जुने, निरुपयोगी व्ह्यूही डिलीट करायला लावावेत.