गोळ्या की पिशवी साफ करणे? आधी बाईला विचारा

जानेवारी 2022 मध्ये आर्वीच्या एका खासगी रुग्णालयाच्या आवारातील बायोगॅसच्या टाकीतून 11 कवट्या आणि 54 हाडे निघाली. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या तक्रारीवरून पोलीस तिथवर पोचले होते. अशी बातमी आली की गर्भपात म्हणजेच गुन्हा, ही समजूत वस्तीत पक्की होते. मग नको असताना दिवस गेलेली बाई कुणाला विचारत नाही, लपून मार्ग शोधते. म्हणून या पानावर आम्ही उघड बोलणार आहोत.

गर्भपाताचा कायदा 1971 चा आहे आणि 2021 मध्ये तो सुधारला. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. संततिनियमनाचे साधन फसले, हे कारण आता अविवाहित स्त्रीलाही सांगता येते. बाई 18 वर्षांची असेल तर सही फक्त तिची लागते. नवऱ्याची नाही, सासूचीही नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे हे डॉक्टरवर कायद्याचे बंधन आहे.

सुरुवातीच्या आठवड्यांत दोन मार्ग असतात. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून.

पहिला मार्ग गोळ्यांचा. आपल्याकडे तो 9 आठवड्यांपर्यंत, म्हणजे 63 दिवसांपर्यंत चालतो. आधी मिफेप्रिस्टोनची गोळी, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या. त्यानंतर काही तास पोटात कळा येतात आणि पाळीपेक्षा जास्त रक्त जाते. थोडेथोडे रक्त पुढे दोन आठवडेही जाऊ शकते. शंभरातल्या 95 हून अधिक बायांचे काम गोळ्यांनीच पूर्ण होते, उरलेल्यांना पिशवी साफ करून घ्यावी लागते. म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणीला जाणे चुकवायचे नाही.

दुसरा मार्ग पिशवी साफ करण्याचा. यात बारीक नळी आणि सिरिंजने गर्भ ओढून घेतात. 12 आठवड्यांपर्यंत हे करता येते, जागेवरच भूल देऊन दहा-पंधरा मिनिटांत आटोपते आणि बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. शंभरातल्या 98-99 जणींचे काम एकाच वेळी पूर्ण होते. जंतुसंसर्गाची आणि क्वचित पिशवीला इजा होण्याची जोखीम असते, म्हणून हात शिकलेला हवा. तांबी बसवायची असेल तर तीही तेव्हाच बसते. जुन्या पद्धतीने पिशवी खरवडणे, म्हणजे ‘क्युरेटिंग’, जागतिक आरोग्य संघटनेने केव्हाच मागे टाकायला सांगितले आहे. कुणी ‘क्युरेटिंग करू’ म्हटले तर नळीने होईल का, हे जरूर विचारा.

मग चांगले कोणते? आमचे मत असे की दोन्ही सुरक्षित आहेत, आणि निवड बाईच्या शरीरावरून व तिच्या घरावरून ठरायला हवी. जिला दवाखान्यातली तपासणी, अवजारे नको वाटतात, जिच्या घरी सोबतीला कुणी आहे, तिला गोळ्या बऱ्या. पण एका खोलीचे घर, संडास बाहेर, कापूस वेचणीचे दिवस आणि दोन दिवस बसले तर रोजी बुडते, अशा बाईला एका दिवसात मोकळे होणे सोयीचे पडू शकते. समुद्रपूर किंवा कारंजा तालुक्याच्या आतल्या गावात रात्री रक्तस्राव वाढला तर गाडी कोण आणणार, हा विचारही गोळी घेण्याआधी व्हायला हवा.

आपल्या समाजाने एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. विदर्भात सिकलसेल आपल्या घरांत आहे आणि बायांच्या अंगात रक्त कमी असते. हिमोग्लोबिन 8 च्या खाली असेल तर गोळ्या देत नाहीत. गर्भ नळीत राहिला असेल तर गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि जीव धोक्यात येतो. म्हणून रक्ताची व पोटाची तपासणी आधी, गोळी नंतर. नवऱ्याने दुकानातून आणून दिलेली गोळी ही निवड नव्हे.

गोळ्या घेतल्यावर लागोपाठ दोन तास, तासाला दोन मोठी पॅड भिजली, ताप एक दिवसात उतरला नाही, घाण वासाचे पाणी गेले, पोटात असह्य दुखले किंवा रक्त गेलेच नाही, तर लगेच रुग्णालय गाठा.

आमची तक्रार व्यवस्थेशी आहे. 2012 नंतर लिंगनिवडीविरुद्धच्या मोहिमेत औषध दुकानांवर कारवाया झाल्या आणि महाराष्ट्रात अनेक दुकानदारांनी या गोळ्या ठेवणेच सोडले. सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळते ती 12 आठवड्यांनंतर. 9 आठवड्यांच्या आतल्या गोळ्या अडवून मुली वाचत नाहीत, बायांचे मात्र आठवडे वाढतात. दुसरी तक्रार अटीची. ‘आधी नसबंदीला हो म्हण, मग गर्भपात करतो’ असे म्हणणे म्हणजे बाईच्या गरजेवर सौदा करणे आहे. नसबंदी चांगली, पण ती तिच्या मर्जीने.

10 नोव्हेंबर 1938 रोजी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला होता. तो फेटाळला गेला. बाळंतपणाचा भार कुणावर पडतो हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते. आज कायदा आहे, औषध आहे, वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय आहे, आर्वी-हिंगणघाटची उपजिल्हा रुग्णालये आहेत, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत.

कमी आहे ती माहितीची आणि सोबतीची. विहारातल्या महिला मंडळांनी एका रविवारी हा विषय घ्यावा, आशाताईंना बोलवावे, तरुण मुलींनाही बसू द्यावे. पाळी आठ दिवस चुकली तर लाजत बसू नका, तपासणी करा. लवकर गेलेल्या बाईपुढे दोन्ही दारे उघडी असतात. उशीर झाला की एक बंद होते.